भिंतीतला कप्पा

तेव्हा जेवणाच्या टेबलावर कोण कोण होतं ते आधी सांगते. मी होते. माझा मुलगा होता. सून होती, तिला त्या रविवारी ड्युटी नव्हती. नात होती, नऊ वर्षांची, जेवता जेवता टॅबलेट बघत होती. आणि फोनात माझा धाकटा दीर होता, तिकडे वसईला. फोन स्पीकरवर भाताच्या टोपाला टेकवून ठेवला होता, म्हणजे तोपण टेबलावरच बसल्यासारखा. एवढे पाच जण. नावं कोणाची घालत नाही.

दीर म्हणाला, "वैनी, आज मिस्साच्या प्रार्थनेनंतर फादरांनी सांगितलं. जुन्या रांगेतल्या कबरी यंदा पावसाच्या आधी उघडणार. आपला दादा त्याच रांगेत आहे."

इथं कॅनडातल्या लोकांना हे सांगितलं की ते तोंडाकडे बघत राहतात. आमच्या गावात सिमिट्री लहान, माणसं जास्त. कबर कायमची कोणाची नसते. काही वर्षं गेली की उघडतात, हाडं काढतात आणि जागा नवीन माणसाला देतात. हाडांसाठी मग दोन वाटा. ज्यांना जमतं ते सिमिट्रीच्या भिंतीत कप्पा घेतात, पुढे दगडाची पाटी, पाटीवर नाव. ज्यांना जमत नाही त्यांची हाडं चर्चच्या मागच्या विहिरीत जातात. पाण्याची विहीर नाही ती. कोरडी आहे, वर लोखंडी झाकण. आत सगळे एकत्र.

आमच्या ह्यांना, म्हणजे दिराच्या दादाला, त्या विहिरीत जायचं नव्हतं. शेवटच्या आजारपणात खाटेवर पडून मला म्हणाले होते, "मला मागं टाकू नको हां. तिथं माझा मोठा भाऊ आहे. जन्मभर बांधावरनं भांडलो, आता हाडं पण शेजारी शेजारी?" मी म्हणाले, "तिथं गेल्यावर कोणाची काठी कोणाची पाठ?" ते हसले, मग खोकला आला. खोकला थांबल्यावर परत म्हणाले, "हसण्यावारी नेऊ नको. कप्पा घे." मी हो म्हणाले होते. हात त्यांच्या छातीवर ठेवून हो म्हणाले होते.

ते केळीवाले होते. राजेळी केळी लावायचे, उन्हात सुकवून सुकेळी करायचे, पानात बांधून बाजारात न्यायचे. घरभर तो गोड वास. मी चौथी शिकलेली, ते दुसरी. मुलाला मात्र कॉम्प्युटर शिकवला. तो इकडे आला, मिल्टनला घर घेतलं, आणि हे गेल्यावर मला घेऊन आला.

फोनवर दिरानं पुढचं सांगितलं. कप्प्याचे पैसे भरायचे, घरच्या माणसानं येऊन सही करायची. आमच्यात कबर उघडताना घरचं कोणीतरी उभं राहतं. हाडं पांढऱ्या फडक्यात घेतात, बायको असेल तर बायको घेते. म्हणून मला जायचंच होतं.

मुलगा म्हणाला, "काका, काळजी नको. होऊन जाईल."

सून ताटातल्या माशाचा काटा काढत म्हणाली, "बघू या. टॅक्सचे पैसे परत आले की बघू."

ती वाईट नाही. म्हाताऱ्यांच्या होममध्ये काम करते, दुसऱ्यांच्या आईबापांना उचलून उचलून तिची कंबर गेलीय. पण मला तिचं ते 'बघू' टोचलं. बघू म्हणजे नको, असं मी धरलं. माझी चूक इथून सुरू झाली, पुढे येतं त्या मशीनपासून नाही.

आता मुलाचं सांगते. त्याच्या आदल्या वर्षी तो मोबाईलवर बेटिंग करायचा. हॉकी, क्रिकेट, अमेरिकेतला फुटबॉल, सगळं. सुनेला बँकेच्या कागदावरून कळलं. मग त्यानं स्वतःच सरकारी यादीत नाव घातलं. इथं तशी सोय आहे. आपणच लिहून द्यायचं की मला खेळू देऊ नका, मग इथल्या परवानगीच्या कंपन्या आत घेत नाहीत. पगार सुनेच्या हातात गेला. त्यानं घरातल्या आल्तारापुढच्या मेणबत्तीवर हात धरून शपथ घेतली. मी बाजूला उभी होते. हात भाजला तरी त्यानं काढला नाही. मला वाटलं, संपलं.

माझ्याकडे माझे पैसे होते. आमच्या गल्लीत बरीच आपली माणसं, मराठी, गुजराती, पंजाबी. दोघं नवराबायको कामावर. मी त्यांना पोळ्या करून द्यायचे, तांदळाच्या भाकऱ्या करून द्यायचे. फॉइलमध्ये बांधून ठेवायचे, ते घरी येताना घेऊन जायचे. पैसे नोटांनीच देत. मी ते बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचे. सुनेला माहीत होतं, तिनं कधी एक नोट मागितली नाही.

त्या फोननंतर तीन-चार दिवसांनी मुलगा माझ्या खोलीत आला. पलंगावर बसला. लहानपणी ताप आला की बसायचा तसा, पाय वर घेऊन.

"आई, डब्यात किती आहेत?"

"कप्प्यापुरते होतील. तिकिटाला कमी पडतील थोडे."

"मी पाठवतो काकांना. बँकेतनं नको, बँक मधल्यामध्ये पैसे खाते. आता नवीन पैसा आहे, कॉईन. मशीनमध्ये नोटा टाकायच्या, तिकडे काकांच्या फोनवर उतरतो."

मी म्हणाले, "हे तुझं मागचं तर नाही ना?"

"काय आई. हाडांच्या पैशावर मी खेळेन का?"

एवढं बोलल्यावर आई काय विचारणार.

मग हळू म्हणाला, "हिला नको सांगू. ती म्हणेल मेलेल्या माणसावर कशाला खर्च." सुनेनं असं कधीच म्हटलं नव्हतं. पण ते 'बघू' माझ्या मनात बसलेलं होतं. मला ते पटलं. सासूला सुनेबद्दल काही वाईट सांगितलं तर ती पुरावा मागत नाही.

मशीन आमच्या प्लाझातल्या दुकानात होतं. दूध, ब्रेड, लॉटरीची तिकिटं मिळतात तसलं दुकान. मशीन कोपऱ्यात, चिप्सच्या बाजूला. मुलानं माझ्या मोबाईलवर एक काळ्यापांढऱ्या चौकड्यांचं चित्र आणून दिलं. ते काचेपुढे धरायचं, नोटा एकेक आत द्यायच्या, मग मोबाईलवर आकडा येतो तो दाबायचा. त्याच्या नंबरवर मशीन आता जास्त घेत नाही, माझ्या नंबरवर घेईल, असं त्यानं सांगितलं. दर गुरुवारी, सून कामावर गेली की तो मला गाडीतून न्यायचा आणि स्वतः गाडीतच बसायचा. बाहेर बर्फाचे ढीग काळे पडलेले. मी काठी टेकत आत जायचे.

दुकानवाला पंजाबी होता, पांढऱ्या दाढीचा, माझ्याच वयाचा असेल. दुसऱ्या गुरुवारी तो गल्ला सोडून माझ्याजवळ आला.

"माताजी, किसी का फोन आया था क्या? टॅक्सवाले, पुलिसवाले? बूढ़े लोगों को बहुत ठगते हैं इस मशीन पर. देखो, यहाँ लिखा भी है."

मशीनच्या पडद्यावर इंग्रजीत काहीतरी लाल अक्षरात होतं.

मी म्हणाले, "नहीं भैया. मेरा बेटा है. घर पैसा भेजता है."

"बेटा कहाँ है?"

"गाडी में."

"गाडी में क्यों बैठा है?"

"थंडी है ना."

तो म्हणाला, "ठंड तो आपको भी लगती होगी, माताजी."

मी हसले. मला वाटलं, चांगला माणूस आहे, काळजी करतो. नोट आत दिली. मशीननं ती घेतली, आतमध्ये घर्रर झालं, पुढची दिली. त्यानं परत विचारलं नाही. तो गल्ल्यावर गेला आणि दुसऱ्या गिऱ्हाईकाला सिगारेट दिली.

असे सहा-सात गुरुवार गेले. डबा हलका झाला तशी मी हलकी होत होते. ह्यांचं काम मार्गी लागतंय म्हणून. फडकं मी शिवून ठेवलं, सुती, पांढरं, चारी बाजूंनी हातानं टीप घालून. नातीनं विचारलं, "आजी, इज इट फॉर अ बेबी?" मी म्हणाले, "नाही गं, आजोबांसाठी." ती म्हणाली, "बट आजोबा इज डेड." मी म्हणाले, "हो, म्हणूनच."

दिराचा फोन दोनदा आला. पहिल्यांदा म्हणाला, "वैनी, अजून काही आलं नाही हां." मुलाला विचारलं तर म्हणाला, "कॉईन आहे आई, काकांना तिकडे खातं उघडायला लागतंय, मी बोलतो त्यांच्याशी." दुसऱ्या वेळी दीर म्हणाला, "घाई नाही, फादरांना मी थांबायला सांगितलंय." त्याच्या बोलण्यात अवघडलेपण होतं. माणूस पैशाचं विचारताना ओशाळतो. मग त्याचे फोनच बंद झाले. मला वाटलं, पोचले पैसे.

एप्रिल गेला. बर्फ गेलं. तिकडच्या क्रिकेटच्या मॅच रंगात आल्या. तिकडे संध्याकाळ असते तेव्हा इकडे सकाळचे दहा वाजलेले असतात. मुलगा घरून काम करायचा, बेसमेंटमध्ये टेबल होतं त्याचं. मी रोज दुपारी दोनला चहा खाली न्यायचे.

त्या दिवशी चहा आणि भाकरीचा तुकडा घेऊन मी खाली गेले. एका पडद्यावर त्याचं काम होतं, दुसऱ्यावर मॅच. लोक नाचत होते, धूर उडत होता. तो खुर्चीत नव्हता. खाली कार्पेटवर बसला होता, भिंतीला पाठ लावून. मोबाईल हातात.

मी म्हणाले, "बरं नाही का?"

तो म्हणाला, "आई, ते गेलं."

"काय गेलं?"

"सगळं. पप्पांचं."

मी चहा टेबलावर ठेवला. गुडघे दुखतात म्हणून खाली बसता येत नाही, त्याच्या खुर्चीत बसले. खुर्ची चाकांची, ती थोडी मागे गेली.

त्यानं सांगितलं ते मला समजलं तेवढं सांगते. ते कॉईन काकांकडे कधी गेलेच नाहीत. दुसऱ्या कुठल्यातरी देशातल्या कंपनीत जायचे. ती कंपनी नाव विचारत नाही, यादी बघत नाही, बँकेच्या कागदावर काही उमटत नाही. मध्ये एकदा दुप्पट झाले होते. तेव्हा काढायचे होते त्यानं. पण त्याला वाटलं, अजून थोडे झाले तर मला विमानात पाय लांब करता येतील अशा सीटचं तिकीट काढू.

"तुझ्या गुडघ्यासाठी," तो म्हणाला.

"मी बसले असते की. आलेच होते ना बसून."

"शेवटच्या बॉलला सिक्स मारली आई. शेवटच्या बॉलला."

"कोणी मारली?"

त्यानं कुठल्यातरी पोराचं नाव सांगितलं. मी पडद्यावर बघितलं. मिसरूडही फुटलं नव्हतं धड, सगळे त्याला उचलून घेत होते. त्याला काय माहीत, त्याच्या बॅटीनं कोणाची जागा गेली ती.

मी मुलाला मारलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. चहावर साय आली होती, ती बोटानं काढली आणि म्हणाले, "पी, गार होतोय." तो प्यायला. रडत रडत प्यायला. माझं डोकं त्या वेळी एकच करत होतं, पावसाला किती दिवस राहिले ते मोजत होतं.

सून चारला आली. बूटही काढू दिले नाहीत, दारातच सगळं सांगितलं. ती मॅटवर उभी राहिली. मग म्हणाली, "आई, तुम्ही मला का नाही सांगितलं?"

मी म्हणाले, "तू बघू म्हणालीस."

"बघू म्हणजे बघू, आई. मी ओव्हरटाईम घेतलाय त्यासाठी. शनिवारी कुठे जाते मी?"

शनिवारी ती कुठे जाते हे मी कधी विचारलं नव्हतं. मैत्रिणींकडे जात असेल असं मी धरलं होतं.

तिनं तिथंच फोन काढला. "काकांना लावा. उद्या पैसे जातील, तुमचं तिकीट मी काढते. लावा." मी लावला. तिकडे रात्रीचे दीड वाजले असतील, दीर झोपेतून उठला. मी म्हणाले, "भाऊजी, पैसे उद्या येतात. मी पण येते. फादरांना सांगा."

तो म्हणाला, "वैनी, गेल्या सोमवारी झालं ना ते."

"काय झालं?"

"कबर उघडली. मी होतो. दोघांतिघांचं एकदम केलं, फादरांनी प्रार्थना केली, आणि मागं... मागच्या विहिरीत. तुमचाच निरोप होता ना, वैनी? पोरानं फोन केला होता. म्हणाला, आई म्हणते राहू दे, खर्च नको, मागं टाका. मला जरा लागलं मनाला, खोटं नाही सांगत. पण म्हटलं, वैनीची मर्जी."

मुलगा बेसमेंटच्या जिन्यात उभा होता. त्याला ऐकू जात होतं. दिराचे फोन का बंद झाले ते मला तेव्हा कळलं. पैशाची विचारणा थांबावी म्हणून मुलानं काकाला तसं सांगितलं होतं. कबरी पावसाच्या तोंडावर उघडतील, तोवर पैसे परत आले की सगळं नीट करू, असं त्याला वाटलं होतं. त्या मॅचमधल्या पोरानं सिक्स मारायच्या कितीतरी आधी त्याचे पप्पा विहिरीत गेले होते. आणि हे त्याला माहीत नव्हतं. तोपण ते माझ्याबरोबरच ऐकत होता.

दीर विचारत होता, "वैनी? तुम्हीच सांगितलं होतं ना?"

सून माझ्याकडे बघत होती. मुलगा जिन्यात खाली बसला.

मी म्हणाले, "हो भाऊजी. मीच सांगितलं होतं. मध्येच मन बदललं. म्हाताऱ्या बाईचं काय."

"आता बाहेर काढता यायचं नाही, वैनी. सगळं एकत्र असतं आत."

"माहीत आहे. झोपा तुम्ही. फडक्यात घेतलं होतं ना?"

"माझा नवा पंचा होता. त्यात घेतलं."

"बरं केलं."

फोन ठेवला. सुनेनं माझे हात धरले, बाहेरून आल्यामुळे तिचे हात गार होते. मग ती बूट काढून भात लावायला गेली. नात शाळेतून आली होती. तिला भूक लागली होती.

त्याला आता तीन वर्षं झाली. मुलगा घरातच आहे. साधा फोन वापरतो, बटणांचा. दर मंगळवारी एका चर्चच्या बेसमेंटमध्ये त्याच्यासारखी माणसं गोल बसतात आणि आपलं आपलं सांगतात, तिथं जातो. घरी येऊन माझ्यासमोर बसत नाही. मी जेवायला वाढते, तो जेवतो. एकदा म्हणाला, "आई, तू काकांना खोटं का सांगितलंस?" मी म्हणाले, "तू गावात कधीतरी जाशील. तुला तोंड दाखवता यायला पाहिजे." गावात आता माझं नाव आहे, कॅनडाला जाऊन नवऱ्याच्या कप्प्याला पैसे न देणारी बाई. असू दे. मला परत जायचंच नाहीये, त्यामुळे त्याचा त्रास नाही.

त्या दुकानवाल्याला मी नंतर भेटले होते. दूध आणायला गेले होते. त्यानं विचारलं, "माताजी, अब नहीं आतीं मशीन पर?" मी म्हणाले, "काम हो गया." तो म्हणाला, "आपका बेटा पहले खुद आता था. रोज. मैंने एक दिन बोल दिया, बस कर भाई. फिर आप आने लगीं. मैंने आपको उसकी गाडी से उतरते देखा था." मग खाली बघत म्हणाला, "दुबारा पूछना चाहिए था मुझे." मी म्हणाले, "दुबारा पूछते तो भी मैं वही बोलती." दुधाचे पैसे त्यानं घेतले नाहीत. मी गल्ल्यावर ठेवून आले.

पोळ्या मी अजून करते. पैसे सुनेकडे देते. फडकं कपाटात आहे. एकदा नातीच्या नाकातून रक्त आलं तेव्हा घाईत तेच हाताला लागलं होतं, पण मी परत ठेवलं आणि दुसरं घेतलं. ठेवून काय करायचं ते मला माहीत नाही.

रात्री झोपताना जपमाळ करते तेव्हा एक गोष्ट मनात येते. ह्यांना भाऊ शेजारी नको होता. आता तर शेजारीच काय, कुठलं हाड कोणाचं हेही कळत नसेल. भांडत असतील तर ऐकायला मी नाही तिथं. माफी मागायची तर कुठल्या दगडापुढे मागू? दगडच नाही.

म्हणून जो कोणी हे वाचेल त्याच्याकडे एवढंच मागते. वसईच्या बाजूला कधी गेलात तर कुठल्याही गावच्या चर्चमागे जा. लोखंडी झाकण असलेली कोरडी विहीर दिसली तर झाकणावर एक मेणबत्ती लावा. वारा असतो तिकडे, हात आडवा धरा. नाव विचारू नका कोणाचं. आत सगळे एकत्रच आहेत, ज्याची असेल त्याला पोचेल.